चहाच्या सोडतीत नावं कोणाची?

संपादक महोदय,

कार्यालयातला एकटेपणा, जेवणाच्या सुट्टीतही मोबाइलमध्ये खुपसलेली डोकी, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मेल पाठवणारी पिढी, यांवर आपल्या पुरवणीत अधूनमधून लेख येतात. लिहिणारे बहुतेक समुपदेशक असतात, नाहीतर व्यवस्थापन शिकवणारे प्राध्यापक. मी पगार करणारी बाई आहे. रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत लेखा विभागात बसते. पगार, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, आणि कंत्राटदारांची बिलं माझ्या टेबलावरून जातात. आवारात रोज शिरणाऱ्यांपैकी कोण कंपनीचा आणि कोण कुठल्या कंत्राटदाराचा, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. या टेबलावरून जे दिसतं ते लेखांत येत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय. कात्री चालवायची तर सुरुवातीकडून चालवा, शेवटाकडून नको.

आमच्या ऑफिसात ‘चहाची जोडी’ सुरू होऊन बरेच महिने झाले. एचआरने तिला झोकदार इंग्रजी नाव दिलंय, ते कोणी घेत नाही. संगणकावर ऑफिसचं चॅट असतं, त्यात एक बॉट, म्हणजे आपोआप संदेश पाठवणारा प्रोग्राम, बसवला आहे. दर दुसऱ्या सोमवारी सकाळी तो यादीतल्या सगळ्यांच्या जोड्या लावतो आणि प्रत्येक जोडीला संदेश पाठवतो, की तुमची ओळख करून देतोय, या पंधरवड्यात अर्धा तास काढून चहाला भेटा. कामाचं बोलायचं नाही. काय बोलावं सुचत नसेल तर प्रश्नही तोच पुरवतो. आकडा विषम आला तर एका ठिकाणी तिघं. एकदा लागलेली जोडी लवकर पुन्हा लागत नाही. पंधरवडा संपताना विचारतो, भेट झाली का? खाली ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं.

ही काही आमच्या एचआरच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. ब्रिटनमधल्या नेस्टा नावाच्या संस्थेत अशा चिठ्ठ्या टाकून सहकाऱ्यांना कॉफीला बसवायला सुरुवात झाली. औषधांच्या चाचण्यांना जे भारदस्त नाव असतं त्याच चालीवर त्यांनी याला ‘रँडमाइज्ड कॉफी ट्रायल्स’ म्हटलं. पुढे स्लॅक या चॅटसाठी डोनट नावाचं अॅप निघालं, मायक्रोसॉफ्टच्या टीम्ससाठी आइसब्रेकर. आमच्याकडचं यातलं कुठलं, याने काही फरक पडत नाही. काम सगळ्यांचं एकच.

सुरुवातीला आमच्या खोलीत सगळ्यांनी नाकं मुरडली. मार्चअखेर तोंडावर आलेली आणि यांना चहा सुचतोय! माझी पहिली जोडी लागली डिझाइनमधल्या एका मुलाशी. लातूरकडचा, पंचविशीतला, घणसोली गावठाणात मित्रांबरोबर खोली करून राहणारा. बॉटचा प्रश्न होता, तुम्ही फळ असता तर कोणतं असता? कॅन्टीनमध्ये समोरासमोर बसलो. तो अवघडून म्हणाला, ‘मॅडम, ते फळाचं...’ मी म्हटलं, राहू दे रे ते, आधी चहा घे.

मग गाडी घरभाड्यावर आली. खोलीमालक भाडं रोख मागतो, पावती देत नाही, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की आम्ही मालकाचा पॅन मागतो, तो तर तो जन्मात देणार नाही. पोरगा महिनोन्‌महिने या पावतीसाठी झुरत होता. कारण काय, तर गावाकडच्या एका नातेवाइकाने सांगितलं होतं की जुनी करपद्धतच धर, घरभाड्याची सूट मिळते. त्याला पगार विचारायची मला गरज नव्हती, तो मीच करते. आता नव्या पद्धतीत पगार पावणेतेरा लाखांच्या आत असला तर कर शून्यावर येतो, तिथे घरभाड्याची पावती लागतच नाही, हे मी त्याला टिश्यू पेपरवर मांडून दाखवलं. कामाचं बोलायचं नाही हा नियम आम्ही पहिल्याच चहाला मोडला.

त्यानेही मला एक गोष्ट सांगितली. साइटवर गेलेल्या मुलांची प्रवासबिलं नेहमी महिन्याच्या शेवटच्या दिवशी येऊन आदळतात. आमच्याकडे त्यावर ‘शिस्त नाही’ असा शेरा ठरलेला. खरी गंमत अशी, की बिलाच्या फॉर्मवर प्रोजेक्टचा कोड भरल्याशिवाय ते पुढेच सरकत नाही, आणि तो कोड त्यांच्या मॅनेजरकडून निघायलाच महिना सरतो. कोडचा रकाना नंतर भरला तरी चालेल असं आम्ही करून घेतलं. महिनाअखेरीचा तो डोंगर आता बराच बसलाय. इतक्या वर्षांत ही माहिती कुठल्याही मीटिंगमध्ये बाहेर आली नव्हती. येणार कशी? मीटिंगला मॅनेजर यायचे, आणि कोड अडवणारेही तेच.

सगळेच चहा असे लागत नाहीत. एकदा फार वरच्या साहेबांशी जोडी लागली. त्यांच्या सेक्रेटरीने वेळ दिली, बदलली, पुन्हा दिली. अखेर साहेब भेटले, घड्याळाकडे पाहत म्हणाले, ‘एनी सजेशन्स?’ मी म्हटलं, सर, चहा गार होतोय. एकदा पुण्याच्या ऑफिसातल्या एक बाई स्क्रीनवर आल्या. त्या घरून काम करत होत्या आणि मांडीवर परात घेऊन मेथी निवडत होत्या. मला ते फार आवडलं. मीही डबा उघडला. मेथी होईपर्यंत त्यांच्या मुलीची बारावी, सासूबाईंचा मोतीबिंदू आणि सिंहगड रस्त्यावरची वाहतूक असं सगळं उरकलं. आजही त्यांचं काही काम अडलं की त्या मेल न पाठवता थेट फोन करतात आणि पाच मिनिटांत निपटतं.

तेव्हा ही कल्पना टाकाऊ नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्याच अमेरिकेतल्या 61,182 कर्मचाऱ्यांच्या मेल, कॉल आणि मीटिंगांच्या नोंदी तपासल्या होत्या, 2021 मध्ये त्याचा निबंध छापून आला. टाळेबंदीत सगळे घरून काम करू लागल्यावर माणसं आपापल्या गटात आणखी घट्ट झाली, आणि दुसऱ्या गटांतल्या लोकांबरोबर जाणारा वेळाचा वाटा सुमारे पाव हिश्शाने घटला, असं त्यांना दिसलं. त्याच्या कितीतरी आधी, 1973 साली, मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की नव्या नोकरीची खबर जवळच्या मित्राकडून कमी येते, तोंडओळखीच्या माणसाकडून जास्त, कारण जवळच्याला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतंच. माझं आणि लातूरच्या मुलाचं तेच झालं.

आता हिशेब. माझ्या हाताला खाज सुटतेच. बॉटच्या यादीत आम्ही चारशेच्या आसपास आहोत. चारशे माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात 79,800. पंधरवड्याला एक चहा म्हणजे वर्षाला 26. बाकीच्या 399 जणांशी एकेकदा चहा घ्यायचा म्हटला तर पंधरा वर्षं लागतील. मी त्याच्या कितीतरी आधी निवृत्त होणार. म्हणजे भेटून भेटून सगळे ओळखीचे होतील हा एचआरचा भित्तिफलकावरचा दावा आकड्यांत बसत नाही. पण तसं व्हायचं कारणही नाही. दुसऱ्या खात्यात आपलं एक माणूस असलं तरी पुष्कळ रस्ता मोकळा होतो.

बिघडलं ते मोजायला लागल्यावर. लॉबीत एक पडदा लावला. कुठल्या विभागाच्या किती टक्के जोड्या भेटल्या ते त्यावर दिसायचं, आणि भेटीचा फोटो टाकायचा. खालचा नंबर येऊ नये म्हणून विभागप्रमुख मागे लागले. मग लोकांनी लिफ्टसमोर उभं राहून सेल्फी काढायचा, ‘हो’ दाबायचं आणि आपापल्या मजल्यावर जायचं अशी पद्धत पडली. आमचा विभाग एका तिमाहीत शंभर टक्क्यांवर होता. त्यातले चहा पँट्रीने किती केले ते विचारलं तर आकडा जुळणार नाही. ऑडिटला असं सापडलं असतं तर मी धारेवर धरली गेले असते.

बायकांच्या बाजूने एक बोलायला हवं, कारण पुरुषांच्या ते लक्षात येत नाही. नुकत्याच लागलेल्या एका मुलीची जोडी एका वरिष्ठाशी लागली. ते म्हणाले, कॅन्टीनचा चहा काय प्यायचा, संध्याकाळी सातनंतर बाहेर कॅफेत बसू. माणूस वाईट नसेलही. पण नाही कसं म्हणायचं, हे विचारायला ती माझ्याकडे आली. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामाचं ठिकाण म्हणजे ऑफिसच्या चार भिंती एवढंच नाही. नोकरीच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागा, कंपनीने दिलेलं वाहनसुद्धा त्यात येतं. कंपनीने लावलेल्या जोडीचा चहा त्याबाहेर कसा राहील? दहा किंवा जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे अंतर्गत समिती हवीच, आमच्याकडेही आहे. तिच्याकडे कागद गेला आणि आता बॉटच्या संदेशात एक ओळ वाढली आहे की भेट कामाच्या वेळात, आवारातच, आणि नको असेल तर कारण न देता नकार. ही ओळ पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. ज्या कंपन्या आता हे सुरू करत असतील त्यांनी तेवढी तरी उचलावी.

आता मुद्द्याचं.

मी रोज ठाण्याहून वाशीच्या गाडीने जाते. ही लाइन प्रवाशांसाठी 2004 मध्ये सुरू झाली. त्याआधी कळव्यावरून बसने, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या केमिकल कंपन्यांचे वास ओळखत जायचो, आता त्यातल्या कित्येकांच्या जागी काचेच्या इमारती आहेत. लेडीज डब्यात माझ्या आजूबाजूला वाशीच्या रुग्णालयातल्या आया, बँकेतल्या अधिकारी, रबाळ्यात पॅकिंगला जाणाऱ्या मुली, मार्केटला निघालेल्या भाजीवाल्या असतात. चौथ्या सीटवरून भांडतो, मग तिथेच बसून गजऱ्याचा भाव ठरवतो. शिकागोच्या लोकलमध्ये संशोधकांनी एक प्रयोग केला होता, निबंध 2014 चा आहे. काही प्रवाशांना अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. लोकांचा अंदाज होता की बोलण्याने प्रवास कंटाळवाणा होईल, झालं उलटंच. आमच्या डब्यात हे सांगितलं तर हसतील. या डब्याचं मी कौतुक करते म्हणून तिथे सगळं गोड आहे असं नाही. पण पास असला की बसता येतं, एवढं खरं. नोकरी कोणाची, पगार कुठल्या खात्यातून, हे कोणी विचारत नाही.

बॉट ते विचारतो.

आपल्याकडे सोडत म्हटली की माणूस आधी यादी बघतो. म्हाडाची असो की सिडकोची, घरांची सोडत निघण्याआधी स्वीकृत अर्जांची यादी लागते आणि लोक बोट फिरवत आपलं नाव शोधतात. यादीतच नाव नसेल तर पुढची सोडत संगणकाने काढली काय आणि लहान मुलाच्या हातून काढली काय! चहाच्या सोडतीची यादी मात्र कोणी पाहिलेली नाही. मी पाहिली आहे, कारण ती माझ्याच संगणकातून गेली. एचआरने ‘एम्प्लॉयी मास्टर’ मागितला, मी दिला. मास्टरमध्ये असतात फक्त ऑन-रोल माणसं, ज्यांना कंपनीचा मेल आयडी आणि ओळखपत्राला निळा पट्टा आहे.

पिवळ्या पट्ट्याची, म्हणजे कंत्राटदारांची, माणसं त्यात नाहीत. ती सुमारे दोनशे साठ आहेत. गेटवरचे सिक्युरिटी, हाउसकीपिंग, पँट्री, एसी आणि इलेक्ट्रिकलचे मेंटेनन्सवाले, बसचे ड्रायव्हर, डिस्पॅचचे हेल्पर, आणि आमच्याच रांगेत बसून आमच्याच सिस्टिममध्ये बिलं चढवणाऱ्या दोन मुलीसुद्धा. दर महिन्याला कंत्राटदाराच्या बिलासोबत त्यांची हजेरी, पीएफ आणि ईएसआयचं चलन माझ्याकडे तपासायला येतं. आवारात शिरणाऱ्या दर पाच माणसांत जवळपास दोन पिवळ्या पट्ट्याची. संपूर्ण कंपनीला एकमेकांची ओळख करून द्यायला निघालेल्या यंत्राला ही दोन माणसं दिसतच नाहीत.

आणि कंत्राटी म्हणजे आज आहेत, उद्या नाहीत, असं समजू नका. कंत्राटदार बदलतो, माणसं तीच राहतात, गणवेशाचा रंग तेवढा बदलतो. आमच्या पँट्रीतल्या मावशी मी पाहतेय तेव्हापासून इथेच आहेत. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला आलं चालत नाही, कोणत्या साहेबांची गोळी अकरा वाजता असते, हे त्यांना न विचारता ठाऊक. चारशेच्या चारशे नावं ओळखणारं माणूस या कंपनीत असेल तर त्या, आणि दुसरे गेटवरचे मामा. मावशी दिघ्याला राहतात. 2024 मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू होईपर्यंत शेअर रिक्षाने ऐरोलीला येऊन गाडी पकडायच्या. हे सगळं मला कळलं ते एका संध्याकाळी बिलांचा घोळ निस्तरत उशिरा थांबले तेव्हा. त्यांना बस चुकली होती, मी चहा मागायला गेले आणि दोघीही तिथेच पँट्रीत बसलो. कुठल्याही बॉटने ती जोडी लावली नव्हती.

त्या चहात त्यांनी मला विचारलं, ‘ताई, माझा फंड कुठं जातो हो?’ कंत्राटदार बदलला तेव्हा नव्या कंत्राटदाराने जुना यूएएन न विचारता नवा काढून दिला होता. पीएफचा हा बारा आकडी नंबर एका माणसाला जन्मभर एकच असायला हवा, 2014 पासूनची पद्धत आहे ती. मावशींचे झाले होते दोन. पहिल्या नंबरावरचे पैसे जागच्या जागी पडून, आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबरही आता त्यांच्याकडे नव्हता, म्हणून ओटीपी येणार कुठे? ईएसआयचे पैसे दर महिन्याला कापले जात होते, पण त्यावर घरच्यांनाही वाशीच्या ईएसआय रुग्णालयात दाखवता येतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या नवऱ्याच्या गुडघ्यासाठी खाजगी डॉक्टरकडे पैसे भरत होत्या. माझ्याकडे येणारी त्यांची चलनं अगदी बिनचूक होती. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, नाव बरोबर. कागद तपासून हे कधीच कळलं नसतं.

फंडाचं मार्गी लागलं, त्याला वेळ गेला. नंतर डिस्पॅचमधले, हाउसकीपिंगमधले एकेक जण माझ्याकडे असाच दोन नंबरांचा कागद घेऊन येऊ लागले. म्हणजे घोळ सगळ्यांचाच होता.

मावशींनाच एकदा चहाच्या जोडीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, ‘कोण लावतं ते? सोमवारी दोन-दोन माणसं येतात, बघून घेतलेल्या स्थळासारखी बसतात, बोलत काहीच नाहीत. मला बसवा त्यांच्यात, मी बोलते त्यांना.’ मी हसले, पण मग म्हटलं, खरंच का नाही?

एचआरकडे गेले. आमच्या एचआरच्या बाई चांगल्या आहेत, त्यांनी ऐकून घेतलं. पहिली अडचण, बॉटचे पैसे माणशी मोजावे लागतात आणि यांना मेल आयडी नाही. दुसरी अडचण त्यांनी दार ओढून घेऊन सांगितली. कंत्राटी कामगारांना आपल्या कार्यक्रमात ओढलं तर उद्या ते म्हणतील, आम्ही तुमचेच कामगार. लीगलला चालणार नाही.

हे मी अनेक ठिकाणी ऐकलं आहे, ठाण्यातल्या वागळे इस्टेटपासून महाप्यापर्यंत. दिवाळीची मिठाई वेगळ्या रंगाच्या डब्यात, सहलीची बस वेगळी, वाढदिवसाच्या केकला बोलवायचं नाही, सगळ्याला हेच कारण. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. स्टील अॅथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2001 साली निकाल दिला. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून ते कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत, पण कंत्राट निव्वळ देखाव्याचं असेल तर ते मूळ मालकाचेच कामगार ठरतात. देखावा आहे की नाही हे ठरवताना न्यायालयं पाहतात ते, माणसाला कामावर कोण ठेवतं, पगार कोण देतं, शिक्षा कोण करतं, रोजच्या कामावर ताबा आणि देखरेख कोणाची. चहा कोणाबरोबर प्यायला हे त्यात बसत नाही. उलट आमचे सुपरवायझर पिवळ्या पट्ट्याच्या मुलांना रोज सकाळी काम वाटून देतात, रजा मंजूर करतात, ओव्हरटाइमला थांबवून घेतात. लीगलला काळजी वाटायची तर त्याची वाटावी. ते चालतं आणि अर्ध्या तासाचा चहा चालत नाही? शिवाय 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच कॅन्टीन, विश्रांतीची खोली, पिण्याचं पाणी या गोष्टी कंत्राटदाराने दिल्या नाहीत तर मूळ मालकाने द्याव्यात असं घातलं होतं. एका छताखाली बसून खाण्यापिण्याला कायद्याची आडकाठी कधीच नव्हती.

पैशाचंही सांगते, कारण तो प्रश्न लेखा विभागालाच विचारतात. आठ तासांचे बारा दिवस म्हणजे पंधरवड्याचे 96 तास. त्यातला अर्धा तास म्हणजे शंभर रुपयांना बावन्न पैसे. तेवढ्याचं कंत्राटदाराने बिल लावलं तर मी पास करीन, आणि वर विचारायला आले तर उत्तरही देईन. मेल आयडी नसला म्हणून अडायला नको. गणवेशाच्या खिशात सगळ्यांकडे फोन आहे. तेही नको असेल तर एका स्टीलच्या डब्यात निळ्या पट्ट्याच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात पिवळ्या पट्ट्याच्या, सोमवारी दोन्हीतून एकेक काढायची. यंत्राच्या आधी माणसं असंच करत होती.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती एचआरने नाही, मामांनी सांगितली. गेटवरचे मामा म्हणाले, ‘मॅडम, मॅनेजरसाहेबांसमोर बसून मी काय बोलू? आणि उद्या काही कमीजास्त बोललो तर एजन्सी मला दुसऱ्या साइटवर पाठवून देईल.’ त्यांचं बरोबर आहे. ज्याची बदली एका फोनवर होते त्याला नकार द्यायची मुभा कागदावर देऊन भागत नाही. म्हणून माझं म्हणणं, वरच्या साहेबांच्या चिठ्ठ्या त्या डब्यात पहिल्या वर्षी टाकूच नका. आमच्यासारखे, बिलं, स्टोअर, डिझाइन, क्वालिटीवाले पुरेत. फोटो नको, टक्के नकोत, लॉबीतला पडदा तर आधी बंद करा. बसायची जागा कॅन्टीनचा मधला टेबल नको, जिथे त्यांना बरं वाटेल तिथे. मामांना केबिनजवळचा बाक बरा वाटतो, मी विचारलंय.

या पट्ट्यात, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आणि इकडे घोडबंदर रस्त्यापर्यंत, आपल्या वृत्तपत्राचे वाचक असलेले एचआरवाले खूप असतील. ज्यांच्याकडे असा बॉट सुरू आहे त्यांनी एकदा त्याची यादी उघडून आवारातल्या गेट रजिस्टरशी लावून बघावी. फरक किती येतो ते आम्हालाही कळवावं, आपण तो छापावा ही विनंती.

आमच्याकडे उत्तर अजून ‘बघू’ असंच आहे. नावांची यादी शोधायला कुठे जावं लागणार नाही. दर महिन्याला बिलाबरोबर ती माझ्याकडे येतेच, विभाग आणि शिफ्टसकट. एचआरने मागितली की त्याच दिवशी पाठवते.

(नोकरीत असल्याने कृपया नाव छापू नये.)

— पगार विभागातली एक वाचक, नौपाडा, ठाणे